डावीकडच्या कानातलं मागणं

६ ऑगस्ट

चि. पिठ्यास,

आशीर्वाद. नको असेल तर नुसता नमस्कार घे, पण काहीतरी घे.

पाकिटावरचं अक्षर बघून तुझं तोंड वाकडं झालं असेल, हे मला इथे बसून दिसतंय. बापाच्या मातीला आला नाहीस तेव्हा मी दुकानात बसून तुला यथेच्छ शिव्या दिल्या. तुझ्या बापाची बाजू घेऊन नाही दिल्या, माझ्या स्वतःच्या दिल्या. आता राग संपलाय असं नाही, पण हात दुखायला लागले की कात्री खाली ठेवावीच लागते. म्हणून लिहितोय.

कामाचं सांगतो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही डोंगरावरच्या माउलीच्या यात्रेला निघतोय. आम्ही म्हणजे मी, सिस्टर आणि भोंगा. तुला वाटेल, चौघांतला एक गेला, बाकीचे गुडघे धरून बसलेत, आता कसली यात्रा? सिस्टरही हेच म्हणत होती. इस्पितळातून निवृत्त झाल्यापासून तिला सगळ्यांचा रक्तदाब मोजायचं वेड लागलंय आणि तिच्या हिशेबी आम्हां तिघांपैकी कुणालाच चर्चच्या फाटकाबाहेर जायची परवानगी नाही. पण भोंगा ऐकेना. बस चालवायची सोडून इतकी वर्षं झाली तरी त्याचा आवाज अजून मागच्या सीटपर्यंत जातो. तो म्हणाला, जायचंच, आणि ते अख्ख्या गल्लीनं ऐकल्यामुळे आता माघार घ्यायची सोय उरली नाही.

तुझ्या बापाची जागा रिकामी आहे. तू ये.

देव मान, मिस्साला बस, जपमाळ ओढ, यातलं काही मी म्हणत नाही. नुसता चाल. लहानपणी तू भोंग्याच्या खांद्यावर बसून अर्धी वाट यायचास आणि त्याच्या केसांत बिस्किटाचा चुरा करायचास. ज्या वर्षी तू म्हणालास की मला हे काही पटत नाही, मी येणार नाही, त्या वर्षी तुझ्या बापानं तुला जे सुनावलं ते मी शेजारच्याच खुर्चीत बसून ऐकलं होतं. 'चालायचं नसेल तर या घरात राहायचंही नाही.' आई नसलेल्या पोराला असं बोलू नये हे त्याला कळत होतं, पण तोंडातून गेलं ते गेलं. आम्ही यात्रेहून परतलो तोवर तुझी खोली रिकामी झाली होती. तो पाव भाजायला परत भट्टीशी गेला आणि त्यानंतर ती भट्टी त्यानं एक दिवसही गार होऊ दिली नाही.

तिकडे थंडी कशी आहे? लिफ्ट दुरुस्त करायचं काम चालू आहे ना?

तुझा,
शिंपीकाका

२३ ऑगस्ट

चि. पिठ्यास,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, दोन ओळी. भोंग्यानं त्या मोठ्यानं वाचून दाखवल्या, त्यामुळे आता वाणीसुद्धा विचारतोय की पोरगा काय म्हणतो.

तू लिहिलंयस: 'बाबांनी मागच्या वर्षी डोंगरावर काय मागितलं ते सांगा. मी सुधारावं आणि परत यावं, हेच ना? ते सांगायचं नसेल तर पुन्हा लिहू नका.'

बघ, तुला आमची पद्धत अर्धवट माहीत आहे, कारण पोरांना आम्ही त्यात घेत नव्हतो. म्हणून नीट सांगतो. चर्चच्या दारातून निघताना चौघांनी गोल उभं राहायचं आणि प्रत्येकानं आपलं मागणं डावीकडच्याच्या कानात सांगायचं. ज्यानं ऐकलं त्यानं ते वर नेऊन माउलीपुढे बोलायचं. स्वतःसाठी स्वतः कुणी काही मागायचं नाही. ही पद्धत आमच्या चौघांचीच, पोरवयात सुरू केलेली. सिस्टर तेव्हा म्हणाली होती की स्वतःचं मागताना माणूस फार लाडीगोडी लावतो, दुसऱ्याचं मागताना सरळ बोलतो. तुझा बाप माझ्या कानात सांगायचा, मी सिस्टरच्या, सिस्टर भोंग्याच्या आणि भोंगा तुझ्या बापाच्या. भोंग्याला कुजबुजता येत नाही, त्यामुळे त्याचं मागणं दर वर्षी सगळ्या यात्रेला कळायचं. ते सोड.

आणि दुसरा नियम असा, की मागणं पुरं झालं तरच ते उघडायचं. पुरं झालं नाही तर तोंड बंद ठेवायचं आणि पुढच्या वर्षी तेच पुन्हा वर न्यायचं. तुझ्या बापाचं मागच्या वर्षीचं मागणं पुरं झालेलं नाही. म्हणून मी सांगू शकत नाही.

तू म्हणशील, माणूस गेला, आता कसले नियम? मीही हेच म्हणून पाहिलं. तुझं पत्र आलं त्या रात्री मनात आलं, लिहून टाकावं काहीतरी गोड. तुझ्या सुखासाठी मागितलं, तुझ्या तब्येतीसाठी मागितलं. तू निवळशील, येशील, आम्हीही सुटू. पण शिवणारा माणूस आहे मी. खोटी शिवण पहिल्या धुण्यात उसवते आणि गिऱ्हाईक पुन्हा दुकानात पाऊल टाकत नाही.

मात्र एक गोष्ट आहे जी नियमात बसते, ती सांगतो. मागच्या वर्षी यात्रेहून आल्यावर आठवडाभरात तुझा बाप दुकानात आला आणि म्हणाला, जाड कोट शिव. चांगला लोकरीचा, आतून अस्तर लावलेला. आता इथल्या हवेत असला कोट घालून कोण फिरतं? भोंगा तिथेच बसला होता. तो म्हणाला, भट्टीपुढे उभा राहणारा माणूस हा, याला कोट घालून भाजून घ्यायचंय का? तुझा बाप हसला आणि म्हणाला, हल्ली थंडी वाजते. कोट कशाला हवा ते मला ठाऊक होतं.

आणि मी काय केलं, माप घेतलं नाही. या दोघांची मापं मी कधीच घेत नाही. लग्नाचे सूट मी शिवलेत यांचे. छाती, खांदा, बाही, सगळं डोळे मिटून सांगेन. तसाच बेतला. पंधरा दिवसांनी पहिल्या ट्रायलला बोलावलं, कोट अंगावर चढवला आणि तो त्याच्या अंगावर नुसता लोंबायला लागला. खांदा उतरून दंडावर आला. दोन्ही हात बाह्यांत गडप. मी आरशात बघतोय, तोही आरशात बघतोय. रोज सकाळी त्याच्याकडून पाव घेत होतो रे मी. रोज बघत होतो. एप्रनाखाली माणूस एवढा आटलाय हे मला कापडानं सांगितलं.

मी म्हणालो, उसवतो, नव्यानं बेततो. तर म्हणाला, राहू दे असाच. मी भरेन पुन्हा. आणि नाही भरलो तर ज्याला होईल त्याला होईल.

सिस्टरनं त्याला दुसऱ्याच दिवशी ओढत इस्पितळात नेलं. पुढचं तुला कळवलेलंच आहे.

कोट माझ्याकडे आहे. बटणं लावायची राहिलीत.

शिंपीकाका

७ सप्टेंबर, वाटेवर

पिठ्या,

तू पुन्हा लिहू नका म्हणालास आणि मी लिहितोय. शाळेत बाकावर उभा राहायचो ते असल्याच गोष्टींसाठी.

यात्रेकरूंच्या धर्मशाळेच्या ओट्यावर बसलोय. पाय गरम पाण्यात आहेत. शेजारी भोंगा पाय सोडून बसलाय आणि म्हणतोय की याच्यापेक्षा जुनी बस बरी, निदान धक्का मारला की चालू व्हायची.

सकाळी चर्चच्या दारात काय झालं ते सांगतो. आम्ही रांगेत उभे राहिलो. सवयीनं चौघांची जागा धरून गोलात उभे राहिलो, मध्ये एका माणसाएवढी फट. मी माझं सिस्टरच्या कानात सांगितलं. सिस्टरनं तिचं भोंग्याला सांगितलं. आणि भोंगा डावीकडे वळला तर तिथे कुणीच नाही. एवढा मोठा गडी, पण त्याला काय करावं कळेना. टोपी काढली, परत घातली. मी म्हणालो, मला सांग. तर म्हणाला, तुझ्याकडे त्याचं आहे अजून, मागच्या वर्षीचं. एका माणसावर दोघांचं ओझं नको.

माझ्या हातावर तो कोट होता. का आणला विचारू नकोस, सिस्टरनंही विचारलं, मी म्हणालो वर थंडी असते. भोंग्यानं कोटाकडे पाहिलं. मग पुढे आला, कॉलर हातात धरली आणि तिच्यापाशी तोंड नेऊन आपलं मागणं सांगितलं. त्याच्या परीनं कुजबुजला. सगळ्या रांगेनं ऐकलं. पुढची एक म्हातारी वळून बघायला लागली आणि तिनं डोळ्यांना पदर लावला. काय म्हणाला ते सांगता येत नाही, नियम तुला सांगितलाच आहे.

वाटेत यंदा पाव नव्हता. म्हणजे विकत घेतलेला होता. दर वर्षी तुझा बाप आदल्या दिवशीचे पाव कापडात बांधून आणायचा आणि पहिल्या वडाखाली बसून वाटायचा, मोठा तुकडा नेहमी सिस्टरला. यंदा आम्ही त्याच झाडाखाली बसलो, पाकीट फोडलं, एकेक घास खाल्ला आणि उरलेला चिमण्यांना टाकला. चिमण्यांनीही फारसा मनावर घेतला नाही.

सिस्टरची गंमत सांगतो, नाहीतर तू म्हणशील म्हातारा नुसता रडतोय. आम्ही तिला हाका मारताना ऐकून वाटेवरच्या लोकांना वाटतं ती मठातलीच सिस्टर आहे. आज तीन बायका येऊन तिच्यापुढे वाकल्या. तिला आधी राग आला, मग तिनं त्यांच्या पायांचे फोड बघितले आणि मलम लावून दिलं. आता ती बातमी पसरलीये. उद्या तिच्यापुढे रांग लागणार.

गुडघा ठणकतोय. उद्या डोंगर.

शिंपीकाका

१० सप्टेंबर

पिठ्या,

वर जाऊन आलो. धाप लागली, पण पोचलो.

माउलीपुढे नेहमीसारखी गर्दी होती. मागची माणसं पाठीला रेटत होती. मी तुझ्या बापाचं मागणं दुसऱ्यांदा बोललो. बोलता बोलता माझाच आवाज मला विचित्र वाटायला लागला. मागच्या वर्षी ते बोललो तेव्हा तो शेजारी उभा होता, मेणबत्तीचं मेण बोटांवर सांडून घेत होता. जिवंत माणसाचं मागणं होतं. आता ज्याचं मागणं तो नाही, आणि मी तिच्यापुढे तेच तेच म्हणतोय. तिनं तरी काय करायचं? आणि पुढच्या वर्षी काय, त्याच्या पुढच्या वर्षी काय? माझे गुडघे सुटेपर्यंत हेच वर नेत राहायचं? मला रडू फुटलं, पिठ्या. तिथेच, गर्दीत. मातीच्या वेळी रडलो नव्हतो एवढा रडलो.

सिस्टरनं मला हाताला धरून बाजूच्या बाकावर बसवलं. पाणी दिलं. नाडी बघितली, अर्थात. मी म्हणालो, याचं मागणं आता पुरं होणं शक्य नाही आणि मला ते टाकताही येत नाही. तिनं विचारलं, काय आहे ते सांगू नकोस, पण ते कुठे पोचवायचंय? मी तुझ्या गावाचं नाव घेतलं. तिनं त्या कोटाकडे बघितलं. तिला सगळं कळलं असावं, पण तिनं तसं दाखवलं नाही. म्हणाली, "ओझं त्यानं तुझ्याकडे दिलंय ना? मग तूच पोचव. माउलीला कशाला गाडीत बसवतोस?"

भोंगा पलीकडे उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, खिडकीची जागा माझी.

असं ठरलं. खाली आल्यावर मी टपरीवर चहा घेतला आणि बटणं घ्यायला बाजारात गेलो.

आम्ही येतोय. नोव्हेंबरात.

शिंपीकाका

१९ ऑक्टोबर

पिठ्या,

तुझं कार्ड मिळालं. 'येऊ नका. मी भेटणार नाही.' बरं.

तुझा राग मी समजू शकतो असं म्हणत नाही, कारण मला बापानं घराबाहेर काढलं नव्हतं. तुला वाटतं, आम्ही तुला पकडून परत न्यायला येतोय. चर्चमध्ये उभं करायला, बापाच्या फोटोपुढे माफी मागायला लावायला. तसं काही नाही. तुला कुठेही न्यायचं नाही. नको भेटूस. आमचं काम तुला भेटण्यावर अडलेलं नाही, एवढंच आज सांगू शकतो.

गाडी १४ नोव्हेंबरला, शनिवारी निघते. भोंग्यानं आत्तापासून डबा भरायला घेतलाय. सिस्टरनं औषधांची पेटी माझ्या शिलाई मशीनपेक्षा जड केलीये.

कोट पुरा झाला. बाह्यांत आणि पाठीत माया ठेवली आहे, लागली तर उसवून सोडता येईल एवढं जादा कापड.

शिंपीकाका

१५ नोव्हेंबर, रविवार, तुझ्या जिन्यावर

पिठ्या,

हे पत्र टपालात टाकत नाही. दाराखालून सरकवतोय. बेल वाजवलेली नाही.

पहिली गोष्ट, तुझ्या इमारतीची लिफ्ट बंद आहे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या इमारतीची लिफ्ट बंद! खालच्या बाईनं सांगितलं की तू गेल्या महिन्यापासून दुरुस्त करतो म्हणतोयस. थेट बापावर गेलायस. त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातला ओव्हन कधी चालू होता? आणि तुझं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. डोंगर परवडला. प्रत्येक वळणावर थांबलो. सिस्टरनं प्रत्येक वळणावर दोघांची नाडी बघितली आणि तिची कुणी बघत नाही म्हणून कुरकुरली. भोंग्यानं कोट खांद्यावर टाकून वर आणला, मला हात लावू दिला नाही.

आता बस कुठेतरी आणि नीट वाच.

मागच्या वर्षी चर्चच्या दारात तुझ्या बापानं माझ्या कानाशी तोंड आणलं. पाव आणि धुराचा वास येत होता त्याला. मग म्हणाला:

"इतकी वर्षं तुझ्याकडून चुकीचं मागवत आलो. त्याला आण, त्याला आण, त्याला परत आण. ते सगळं रद्द कर. या खेपेला एवढंच माग, की मला त्याच्या दारापर्यंत जाता येऊ दे. त्यानं दार उघडलं नाही तरी चालेल. मी दारापर्यंत आलो होतो एवढं त्याला कळलं की पुरे."

हे त्याचे शब्द. एकही माझा नाही. तू विचारलं होतंस, मी सुधारावं आणि परत यावं, हेच ना? हे होतं. म्हणून तो जाड कोट शिवायला आला होता. तुझ्याकडच्या थंडीसाठी. भट्टी विझवून, दुकानाला कुलूप लावून, कोट घालून तो गाडीत बसणार होता. इतका हट्टी माणूस, पण ते त्यानं ठरवलं होतं. मग अंगच उरलं नाही.

आता मला सांगता येतंय, कारण आम्ही दारापर्यंत आलोय. कोट तुझ्या दाराच्या मुठीला अडकवलाय. त्याच्या मापाचा म्हणायचा, पण त्याला मोठाच झाला होता. तुझा खांदा त्याच्या ऐन उमेदीतल्या खांद्याएवढा असेल तर तुला होईल. नाही झाला तर बाहीत माया आहे, तिकडचा कुठलाही शिंपी सोडून देईल.

त्याचं मागणं पुरं झालं. दार उघडणं त्यात नव्हतं, आणि मी त्यात माझं काही घुसडणार नाही. आम्ही दहा-पंधरा मिनिटं पायरीवर बसून दम खाऊ आणि मग उतरू. परतीची गाडी उद्या आहे. तुला कुणी हाक मारणार नाही.

फक्त एक. भोंग्यानं कोटाच्या कॉलरीत जे सांगितलं ते अजून पुरं झालेलं नाही, म्हणून ते मी सांगत नाही. पण ते पुरं व्हायला मात्र दार उघडावं लागेल. तो इथेच बसलाय, रुमालानं तोंड पुसतोय आणि सिस्टरला विचारतोय की पोरगं आता कसं दिसत असेल. त्याला वाटतंय तो हळू बोलतोय.

म्हणजे तू केव्हाच ऐकलं असशील.

दाराखालच्या उजेडात कुणाची तरी पावलं येऊन थांबली आहेत. लिहिणं बंद करतो.

शिंपीकाका